सलग विणलेलं चीवर

इंदोरा, नागपूर
रविवार, ता. १८ सप्टेंबर १९८३

आदरणीय भैय्याजी यांस,

रुपरावचा सादर जय भीम. आम्ही इकडे (आम्ही म्हणजे मी एकटाच, पण चौतीस वर्षांच्या संसाराची सवय लेखणीतून जात नाही) ठीक आहोत. तुमचा डावा गुडघा, प्रेमिला वहिनींचं साखरेचं पथ्य आणि तुमच्या शिलाई मशीनची तब्येत कशी आहे ते कळवावं. छावणीतल्या साहेबलोकांचे कोट अजून तुमच्याकडेच येतात असं ऐकलं, बरं वाटलं. (माझ्या लग्नातल्या कोटाची एक बाही तुम्ही दोन बोटं आखूड शिवली होती. मी ते केव्हाच विसरलो आहे.) पाकिटावरचं माझं अक्षर पाहून पत्र न वाचताच फाडण्याचा विचार मनात येईल, तर कृपा करून फाडू नका. नष्टच करायचं असेल तर कात्रीनं कापा, तुमच्या हातून काही वाकडंतिकडं जात नाही हे सगळ्या कामठीला माहीत आहे. मे महिन्यापासून आपलं बोलणं नाही. पण मी देश सोडून चाललो आहे आणि निघण्यापूर्वी जवळच्या माणसाला कळवावं अशी रीत आहे, म्हणून लिहितो.

तर मी श्रीलंकेला चाललो आहे. पेपर तुम्हीही वाचता, त्यामुळे तिथं जुलैपासून काय चाललं आहे ते मी सांगायला नको. तमिळांची घरं जळाली, दुकानं जळाली, माणसं बोटींत बसून इकडं पळून आली. ज्या देशातून लोक जीव घेऊन पळतात तिथं बासष्ट वर्षांचा म्हातारा आपणहून निघाला आहे असं म्हणून अख्खी वस्ती मला वेड्यात काढते. पण तुमचा भाचा गोविंदा तिथं आहे. म्हणजे भदंत सुमेध आहेत. (बापानं भिक्खू झालेल्या मुलाला नावानं हाक मारू नये, आदरानं बोलावं असं सांगतात. मी वाक्याच्या सुरुवातीला पाळतो, शेवटापर्यंत विसरतो.) त्याच्याजवळ आज अंगावर आहे तेवढंच एक चीवर उरलं आहे, आणि कार्तिकी पौर्णिमेच्या आत, कठिन चीवराच्या दानाच्या महिन्यात, मला त्याच्या हातात नवं चीवर ठेवायचं आहे. तेवढंच काम. त्यासाठी समुद्र ओलांडायचा.

हे चीवर काय प्रकरण आहे ते तुम्हाला पूर्वी नीट कळलं नाही, कारण आम्ही ते चोरून ठेवलं होतं. एकोणऐंशी साली गोविंदा महिनाभर आला होता तेव्हाची गोष्ट. तुमच्या बहिणीनं त्याला वाकून वंदना केली आणि तो सरळ उभा राहिला, कारण भिक्खूनं आईबापासमोर वाकायचं नसतं. सगळ्या बायका रडल्या. भीमाबाई मात्र वर आली ती कोरड्या डोळ्यांनी. घरी आल्यावर मी विचारलं तेव्हा म्हणाली, “मी वाकली तं त्याच्या पायाच्या भेगा पाहून घेतल्या. अन् चिवराले किती ठिगळं आहेत थेही मोजले. माहा लेक ठिगळं लावून फिरून राहिला जी!” मी दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर खरंच. इथं जोड, तिथं जोड, एक वार सलग कापड नव्हतं अंगावर. चौतीस वर्षं मिलच्या विणाई खात्यात काढली मी, साऱ्या हिंदुस्थानाला धोतरं नेसवली, आणि माझा मुलगा तुकडे शिवून पांघरतो! त्या दिवशी आम्ही दोघांनी ठरवलं की त्याला एक चीवर आपल्या हातानं विणून द्यायचं. सलग. एकही जोड नसलेलं.

रिटायर झाल्यावर हातमाग आणला तो त्यासाठी. तुम्हाला सांगितलं की वेळ घालवायला आणला. दोन महिन्यांचं काम, पण दीड वर्ष लागलं, कारण तुमच्या बहिणीनं नियम काढला की कापडात गाठ नको. आता विणणाऱ्याला गाठ नको म्हणणं म्हणजे स्वयंपाकिणीला धूर नको म्हणणं. धागा तुटतो, गाठ मारतात, पुढं जातात, जग असंच चाललं आहे. पण नाही. आडव्या सुताची छोटी रिळं, म्हणजे कांड्या, ती स्वतः भरायची, बोटातून एकेक धागा चाचपून, आणि कच्चा लागला की अख्खी कांडी बाजूला. मी मागावर हात धरून बसलेलो आणि ती दारात निवडते आहे, जसे काही तांदूळच. सूत रंगवलं पळसाच्या फुलांत. सावनेरच्या वाटेवरून पोतंभर फुलं तिनं आणवली, अंगणात उकळली, आणि त्या आठवड्यात माझे हात कोपरापर्यंत असे पिवळे झाले की शेजारच्या यमुताईनं येऊन विचारलं, हळद कोणाची आहे, आम्हाले सांगतलं नाही! (दोन्ही बाजूंना डाळिंबी किनार काढायची हाही तिचाच हट्ट. त्या किनारीचं पुढं सांगेन, सांगायचं धैर्य झालं तर.)

पासपोर्टही दोघांचे करायला टाकले होते, मार्चमध्ये. तेव्हा कुठं दंगा नव्हता, काही नव्हतं. कार्तिकात दोघांनी जायचं, दोघांनी मिळून दान द्यायचं असा बेत. फोटो काढायला गेलो तर त्या फोटोवाल्यानं मला दुकानातला कोट घातला, मागून चार चिमटे लावून घट्ट केला आणि म्हणाला, हसा. हसलो तर पुढचे दोन दात नाहीत, न हसलो तर चोरीतला आरोपी. शेवटी मधलं काहीतरी तोंड केलं, ते पासपोर्टात आहे. भीमाबाई मात्र डोक्यावरून पदर घेऊन अशी सरळ पाहत बसली की फोटोवाला म्हणाला, बाई, जरा नजर खाली घ्या. ती म्हणाली, “काहून? मी काय चोरी करून राहिली?” चौकशीला हवालदार आला तेव्हा सगळी गल्ली दारात उभी. त्याला तिनं दोन वेळा चहा पाजला, गोविंदाच्या जन्मापासूनची हकीकत सांगितली, आणि तो बिचारा उठताना तिलाच वाकून गेला. ती दारातून त्याला म्हणाली, “ये गा बाबू, माय बरी आहे काय तुही?”

ती वैशाखात गेली. पासपोर्ट आला जूनमध्ये. निळी वही, आत तिचा फोटो, सरळ बघते आहे. पुढची दहा वर्षं जगात कुठंही जायची मोकळीक तिला आहे.

मग जुलै उजाडला. पोस्ट बंद, तार बंद. ऑगस्टच्या शेवटी गोविंदाचं पत्र आलं, कडेनं उघडून पुन्हा चिकटवलेलं. विहारात चाळीसएक माणसं दडून होती, बायका होत्या, अंगावरच्या कपड्यानिशी आलेली पोरं होती. जेवढी चीवरं होती तेवढी पांघरायला दिली, परत मागितली नाहीत, हे त्यानं सहज लिहिलं आहे. पुढं एक ओळ आहे ती मी तुम्हाला जशीच्या तशी लिहितो, कारण मला ती एकट्याला पेलत नाही: “बाबा, इथं रस्त्यात गाड्या थांबवून माणसाला म्हणतात, बौद्ध असशील तर गाथा म्हणून दाखव. आईनं तांदूळ निवडता निवडता मला शिकवल्या त्या गाथा. एकाला येत नव्हत्या. त्याचं पुढं काय झालं मला कळलं नाही. काही दिवस मला माझ्या चिवराची लाज वाटली. तुम्ही येऊ नका.” खाली आईला वंदना लिहिली आहे. आई गेल्याचं पत्र माझ्यानं लवकर लिहवलं नाही, उशिरा टाकलं ते त्याला पोचलेलं नाही. ते आता मला तोंडानं सांगायचं आहे.

मी जाणार हे कळल्यावर वस्तीला जी तरतरी आली ती काय सांगू. आमचे दादाजी, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातले रिटायर कारकून, तीस वर्षांपासून लंकेचे जाणकार आहेत, कारण त्यांच्या घरी रेडिओ सिलोन लागतो. ते रोज संध्याकाळी विहाराच्या पायरीवर बसून बातम्या सांगतात आणि शेवटी गाण्यांचा कार्यक्रम बंद पडेल की काय याची काळजी करतात. यमुताईला बोधिवृक्षाचं पान हवं आहे, पण स्वतःहून गळालेलं, आणि ते खाली पडलेलं नको, वरच्यावर झेललेलं. कोणी संत्र्याची बर्फी दिली आहे भन्तेंसाठी, म्हणजे आपल्या गोविंदासाठी, कोणी वाळवलेला ठेचा. रामेश्वरमहून बोट आहे हे रेशनच्या रांगेत बोलून बसलो, तर मागच्या म्हाताऱ्यानं रामेश्वरच्या यात्रेला निघालो म्हणून माझे पाय धरले आणि गंगेचं पाणी घेतलं काय विचारलं. सत्तावीस वर्षं देवधर्म सोडून झाली, आणि आता त्या माणसाला निराश करवेना. घेतलं म्हणालो. (हे मुसावादा होतं, खोटं बोलणं. पंचशीलातलं चौथं.)

खरा घोळ शरच्चंद्रनं केला. हा आमच्या गल्लीतला प्रोफेसर, चांगला मुलगा आहे, पण शिकलेला. तो म्हणाला, “काकाजी, तुमचा रंग पाहून तिकडं तुम्हाले तमिळच समजतीन. रस्त्यात अडवलं तं?” माझा रंग तुम्ही जाणता, तुमच्या आईनं लग्नाच्या वेळी तव्याच्या बुडाचा दाखला दिला होता. सगळे गंभीर झाले. मग ठरलं की रंगीत तालीम घ्यायची. विहाराच्या अंगणात मला ट्रंक घेऊन चालायला लावलं, दादाजी वर्तमानपत्राची गुंडाळी करून आडवे आले आणि मोठ्यानं ओरडले, “कोन तू? बौद्ध आहेस तं म्हन! म्हनून दाखव!” पोरं हसत होती. मीही हसत होतो. तोंड उघडलं, ‘बुद्धं सरणं गच्छामि’ म्हणालो, आणि पुढं गाडीच अडली.

भैय्याजी, रोज सकाळ-संध्याकाळ म्हणतो मी ते. झोपेत म्हणेन. पण त्या दिवशी दुसरी ओळ आली नाही. दादाजींनी गुंडाळी खाली घेतली, यमुताई हळूच पुढची ओळ सांगू लागल्या. मला छप्पन सालचं दीक्षेचं मैदान दिसत होतं. तुम्ही होता, भीमाबाई होती पांढऱ्या लुगड्यात, वर्षाचा गोविंदा माझ्या खांद्यावर होता. तोवर उभ्या जन्मात ज्यानं त्यानं आम्हाला अडवून विचारलं होतं, कोण तू? विहिरीवर विचारलं, शाळेत विचारलं, मिलमध्ये पाण्याच्या मटक्याजवळ विचारलं. त्या दिवशी लाखो माणसांत उभं राहून ते शब्द म्हणालो ते यासाठीच की आता कोणी कोणाला असं विचारायचं नाही. आणि आता त्याच शब्दांवर कोणी माणसं पास-नापास करत असेल, तर मी ते म्हणून वाचू कसा? आणि न म्हणून गोविंदापर्यंत पोचू कसा? मी ट्रंक तिथंच ठेवून घरी आलो. नंतर दादाजींनीच ती आणून दिली आणि बाजेवर बसून राहिले. (जाताना म्हणाले, परतीत जमलं तर रेडिओ सिलोनच्या इमारतीचा एक फोटो आणा. माणूस म्हातारा झाला तरी त्याची हौस वेगळी चालत असते.)

आता राहिली शेवटची गंमत. यंदा आमच्या विहारात वर्षावासाला, म्हणजे पावसाळाभर, एक वयस्क भन्ते मुक्कामी आहेत. मागच्या रविवारी मी चीवर त्यांच्यापुढं उलगडलं, म्हटलं पाहून तरी घ्या. त्यांनी हात फिरवला, किनार पाहिली, पुन्हा हात फिरवला. म्हणाले, उपासक, असं कापड मी पाहिलं नाही. मग म्हणाले, पण हे चीवर नव्हे. मी म्हटलं, कसं नव्हे? तर त्यांनी आपल्या अंगावरचं चीवर पसरून दाखवलं. तेच जोड. तीच ठिगळं. ती ठिगळं नाहीत, भैय्याजी! तो नियम आहे. भगवंतांनी मगधातली शेतं पाहिली, बांधाबांधानं तोडलेली, आणि आनंदाला म्हणाले की भिक्खूचं वस्त्र असं असावं. कापड कापायचं, तुकडे करायचे, मग शिवायचं. सलग कापडाची किंमत असते, चोराला मोह होतो आणि नेसणाऱ्यालाही होतो. कापलं की किंमत गेली, किंमत गेली की माया गेली. किनार तर बिलकूल चालत नाही. मी सत्तावीस वर्षं भन्तेंपुढं वाकतो आहे, पण डोळे मिटून. जोड दिसले असतील तेव्हा वाटलं असेल की आपली वस्ती गरीब आहे, एवढंच. विणाई खात्यातला जॉबर, म्हणजे मुकादम, हातभर अंतरावरून तुटका धागा ओळखणारा, आणि मला शिवण ओळखता आली नाही. भीमाबाईचं तर काय सांगायचं, तिनं आईच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

म्हणजे गोविंदाला काही कमी नव्हतंच. आमचं सगळं दीड वर्ष, पळसाची फुलं, बाजूला टाकलेल्या कांड्या, हे सगळं एका न घडलेल्या गरिबीपायी झालं.

असो. बाकी सर्व क्षेम आहे. दसऱ्याला दीक्षाभूमीवर वंदना करून त्याच आठवड्यात जी. टी. एक्सप्रेसनं मद्रास आणि पुढं बोट असा बेत आहे. ट्रंक भरून ठेवली आहे. विशेष काम काही नाही, तुमची आठवण आली म्हणून चार ओळी खरडल्या. वहिनींना जय भीम, लेकरांना आशीर्वाद.

तुमचा
रुपराव

ता. क. – ट्रंक भरलेली नाही. तिच्यात बर्फी आणि ठेचा आहे. तिकीटही काढलेलं नाही. वस्तीला वाटतं मी दंग्याला भ्यालो, वाटू द्या. खरं हे आहे की चीवर कापल्याशिवाय नेता येत नाही आणि माझ्यानं ते कापवत नाही. आठ दिवसांत तीन वेळा बसलो. पहिल्या वेळी कात्री सापडली नाही (मीच लपवली होती). दुसऱ्या वेळी कापडाऐवजी बोट कापलं. तिसऱ्या वेळी कात्री कापडाला लावली आणि समोर तीच जागा आली जिथं तिच्या शेवटच्या चार कांड्या संपतात. ती जागा फक्त मला दिसते. पुढचं कापड मी स्वतः भरलेल्या कांड्यांवर विणलं आहे, त्यात सात गाठी आहेत. वस्तीत शिंपी आहेत, पण परक्या हातानं त्या कापडाला कात्री लावलेली मला बघवणार नाही. तुम्ही पुढच्या रविवारी या. सकाळच्या बसनं या, तुमची मोठी कात्री घेऊन या. बाही आखूड झाली तरी चालेल.

ता. क. दुसरा – तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी चारचौघांत तुम्ही म्हणालात, “माह्या बहिणीचा जीव तुमच्या मागानं घेतला, रुपराव.” मी तेव्हा तुम्हाला घरातून जा म्हणालो. डॉक्टरनं सांगितलं होतं की दम्याच्या माणसाला सुताचा कचरा चालत नाही. मी तिला सांगितलं होतं. पण एकदाच सांगितलं, आणि हळू सांगितलं. कारण तिच्या हातच्या कांडीचा धागा तुटत नव्हता आणि मला कापड चांगलं हवं होतं. तुम्ही बोललात त्यात खोटं काही नव्हतं. हे गोविंदाला सांगण्याआधी तुम्हाला सांगायला पाहिजे होतं, पण पत्राच्या वरच्या भागात लिहिता आलं नाही.

ता. क. तिसरा आणि शेवटचा – किनारीचं राहिलं. तिला लग्नात तुम्ही जे लुगडं दिलंत, तुमच्या पहिल्या कमाईचं, त्याच्या काठाचा नमुना समोर ठेवून तिनं ती माझ्याकडून विणून घेतली. मी म्हणालो होतो, भिक्खूला किनार कशाला? तर म्हणाली, “मामाकडून काई तं जाऊ द्या जी पोराले.” ती आता सगळ्यात आधी कापून काढावी लागेल. गोविंदाकडं मामाचं काही जाणार नाही, त्याचं मला वाईट वाटतं. पण किनारी दोन आहेत, दोन्ही बाजूंना एकेक, टोकापासून टोकापर्यंत सलग, आणि उजवीकडच्या किनारीत एकही गाठ नाही. ती तुम्ही घेऊन जा. गाठीची मी ठेवतो.